अनंत खरंच असतं का? कात्री घेऊन तपासा

ए-फोर कागदाची 29.7 सेंटिमीटर लांब पट्टी घ्या. मधोमध कापा, एक तुकडा बाजूला ठेवा, उरलेला पुन्हा निम्मा करा. आठव्या कापानंतर जेमतेम 1.2 मिलिमीटर उरतं आणि कात्री हात टेकते. पण हा दोष कात्रीचा, म्हणून पुढचे काप आकडेमोडीत मारा: 32 व्या कापाला तुकडा अणूहूनही लहान, म्हणजे तो कागद राहिलेलाच नाही, 114 व्याला प्लांक लांबीच्याही (भौतिकशास्त्रात जिच्याखाली लांबीला अर्थ उरत नाही असं मानतात, ती अतिसूक्ष्म लांबी) खाली.

इथेच हमखास गल्लत होते: काप संपत नाहीत, म्हणजे तुकडे अनंत आहेतच! ॲरिस्टॉटलने हा भेद नेमका पकडला होता. न थांबणारी क्रिया वेगळी, पूर्ण झालेला अनंत साठा वेगळा. कुठल्याही कापाला थांबून तुकडे मोजा. आकडा मर्यादितच भरेल.