मवाळ आमदाराचं रेकॉर्ड कसं तपासायचं (गोखल्यांवर प्रॅक्टिस करून)

जहाल पुढाऱ्याचं रेकॉर्ड काढणं सोपं असतं. खटला कधी झाला, शिक्षा किती वर्षांची, तुरुंग कुठला, झालं काम. मवाळाचं अवघड आहे, कारण तो सभागृहात उठतो, तासभर आकडे वाचतो, मधेमधे सरकारबद्दल चार गोड शब्द बोलतो, मतदानात हरतो आणि खाली बसतो. मग स्पर्धा परीक्षेच्या नोट्समधे एकच ओळ उरते, गोखले = मवाळ, अर्ज-विनंत्या, पुढचा टॉपिक. मी पण दोन वर्षं हेच पाठ केलं होतं. नंतर भाचीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी गोपाळ कृष्ण गोखल्यांची कौन्सिलातली भाषणं उघडून बसलो आणि चार दिवस तिथेच अडकलो. तेव्हापासून कुठल्याही आमदार-खासदाराचं काम बघायची एक पद्धत हाताला बसलीये, तीच गोखल्यांवर करून दाखवतो.

एक वही घ्या किंवा एक्सेल शीट उघडा. चरित्राचा भाग पाच ओळींत संपवायचा, त्यात रमायचं नाही. जन्म 1866, गुहागर तालुक्यातलं कोतळूक, 1884 ला बीए, मग पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसनमधे मास्तरकी, 1899 ला मुंबई कायदे कौन्सिल, 1902 पासून कलकत्त्याचं इंपीरियल कौन्सिल (म्हणजे अख्ख्या देशाचं कायदे कौन्सिल), 1905 ला बनारस काँग्रेसचं अध्यक्षपद आणि त्याच वर्षी भारत सेवक समाज, 19 फेब्रुवारी 1915 ला पुण्यात निधन, वय 48. बास.

आता खरं पहिलं काम, आणि हे लोक हमखास विसरतात. त्या सभागृहात माणसाला काय काय करायची परवानगी होती ते आधी लिहून काढा. 1892 च्या कायद्याखाली सभासदाला बजेटवर बोलता यायचं पण बजेटवर मत देता यायचं नाही, प्रश्न विचारता यायचा पण त्यावर उपप्रश्न नाही. 1909 च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर ठराव मांडता यायला लागला, प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्नही मिळाला, पण इंपीरियल कौन्सिलात बहुमत सरकारी सभासदांचंच राहिलं. आणि गोखल्यांना तिथे पाठवलं कोणी? मुंबई कौन्सिलच्या बिनसरकारी सभासदांनी, म्हणजे मतदार हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. हे एकदा लिहून काढलं की "त्यांनी किती कायदे पास करून घेतले" हा प्रश्नच बाद होतो. हात बांधून आखाड्यात उतरवलेल्या पैलवानाला किती कुस्त्या मारल्या विचारण्यासारखं आहे ते.

दुसरं काम म्हणजे एक भाषण, एकच, पण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचं. निवडक उतारे नकोत. गोखल्यांचं घ्यायचं तर 26 मार्च 1902 चं बजेट भाषण घ्या. इंग्रजी जुनं आहे, वाक्यं लांब आहेत, पण तो माणूस गणिताचा मास्तर होता, त्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळांमधून चालायचं, त्यामुळे हिशोब मांडण्यात कुठे धूसरपणा नाही. मुद्दा असा होता. सरकार म्हणत होतं बघा आमच्याकडे दरवर्षी कोट्यवधींची शिल्लक पडतेय, म्हणजे देश सुखात आहे. आणि त्याच वर्षांमधे इकडे प्लेग, तिकडे दुष्काळ, माणसं पटापट मरतायत. मग ही शिल्लक आली कुठून? गोखल्यांनी त्याचं मूळ विनिमय दरात दाखवलं. इंग्लंडला पाठवायचा पैसा पौंडात द्यावा लागायचा, रुपया घसरत 13 पेन्सच्या आसपास आला तेव्हा ती तूट भरायला सरकारने कर वाढवले. मग टांकसाळीत लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद करून रुपया चढवत चढवत 16 पेन्सवर नेला, म्हणजे तोच पौंड आता कमी रुपयांत मिळायला लागला. गरज गेली, पण वाढवलेले कर तसेच ठेवले. शिल्लक म्हणून जे मिरवताय ती तुम्ही लोकांच्या खिशातून गरजेपेक्षा जास्त काढलेली रक्कम आहे, असा एकूण सूर. हे वाचल्यावर मला मवाळ शब्दाचा अर्थ परत तपासावा लागला. आवाज मवाळ होता, हिशोब अजिबात नव्हता.

इथेच एक छोटी सवय लावून घ्या, भाषणामागे कोण होतं ते शोधा. गोखल्यांच्या मागे आधी न्यायमूर्ती रानडे होते, ज्यांनी त्यांच्याकडून सरकारी अहवाल अक्षरशः घासून घेतले, आणि नंतर आकडेवारीसाठी गणेश व्यंकटेश जोशी, सोलापूरचे हेडमास्तर. जोशींचं नाव आज किती जणांना माहितीये? आजच्या आमदारांच्या बाबतीतही हे बघण्यासारखं असतं, प्रश्न स्वतः काढतात का कोणी लिहून देतं, आणि लिहून देणारा कोण.

तिसरं, दोन कॉलम पाडा. डावीकडे मागणी आणि तारीख, उजवीकडे पुढे काय झालं आणि कधी. उदाहरणार्थ मीठ. 1888 पासून मणाला अडीच रुपये कर होता. गोखले 1902 पासून दर बजेटला त्याच्यावर बोलतात, अक्षरशः दर बजेटला, वाचणाऱ्याला कंटाळा येतो. उजवा कॉलम: 1903 ला दोन रुपये, 1905 ला दीड, 1907 ला एक. इन्कम टॅक्सची माफीची मर्यादा 1903 मधे 500 वरून 1000 रुपये उत्पन्नावर गेली. आता इथे भक्त मंडळी घसरतात. दोन कॉलम शेजारी आले म्हणजे लगेच "गोखल्यांमुळे" असं लिहायचं नाही. काँग्रेस वर्षानुवर्षं हेच मागत होती आणि तिजोरीत पैसाही होता. त्यामुळे "मागणी आधी, कपात नंतर" एवढंच लिहा. मवाळाच्या कामाचा दावा असाच अर्धवट राहतो, त्याला इलाज नाही.

चौथं काम म्हणजे पराभवांची यादी, आणि माझ्या मते माणूस इथेच सगळ्यात चांगला कळतो. युनिव्हर्सिटी बिल 1904, विरोध केला, पास झालं. ऑफिशियल सीक्रेट्सची दुरुस्ती, तेच. 1907 चं राजद्रोही सभांचं बिल, तेच. पण सगळ्यात मोठा पराभव प्राथमिक शिक्षणाचा. मार्च 1910 मधे ठराव मांडला, सरकारने विचार करतो म्हटल्यावर मागे घेतला (त्याच वर्षी केंद्रात स्वतंत्र शिक्षण खातं आलं, हे उजव्या कॉलममधे टाका). मग 16 मार्च 1911 ला बिल आणलं. ते किती जपून लिहिलंय बघा: सक्ती लगेच देशभर नाही, ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला करायची आहे तिने करायची, तीही सरकारच्या परवानगीने, सुरवातीला फक्त 6 ते 10 वयाची मुलं, मुलींचं नंतर, आणि ज्या पालकाची कमाई महिना 10 रुपयांपेक्षा कमी त्याला फी माफ. उदाहरण समोर होतं, सयाजीरावांनी बडोदा संस्थानात 1906 मधे सक्तीचं शिक्षण सुरू केलेलंच होतं. तरी मार्च 1912 मधे बिल 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं, आणि हे मतदान बिल पास करण्यावरही नव्हतं हो, नुसतं सिलेक्ट कमिटीकडे, म्हणजे बिल बारकाईने तपासणाऱ्या सभासदांच्या समितीकडे, पाठवण्यावर होतं! मुलींना बाजूला ठेवल्याबद्दल त्यांना नावं ठेवायची असतील तर ठेवा, मी पण ठेवतो, पण इतकं पातळ करून आणलेलं बिलसुद्धा दारातच अडवलं हे शेजारी लिहा.

आणि माणूस गेला म्हणून शीट बंद करू नका. 1917 ला शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचं मोफत शिक्षण आणलं, 1918 ला मुंबई कौन्सिलात विठ्ठलभाई पटेलांनी नगरपालिकांपुरता कायदा करून घेतला, देशभराचा शिक्षण हक्क कायदा यायला 2009 उजाडलं. हे सगळं 1911 च्या ओळीसमोर येतं.

पाचवं, भाषा आणि मागणी वेगवेगळी मोजा. गिरमिटिया मजुरांचा, म्हणजे कराराने बांधून परदेशी मळ्यांवर नेलेल्या मजुरांचा विषय घ्या. 25 फेब्रुवारी 1910 ला त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीसाठीची मजूर भरती बंद करायचा ठराव मांडला, सरकारने मान्य केला, जुलै 1911 पासून भरती थांबली. हा स्पष्ट विजय. मग मार्च 1912 मधे अख्खी गिरमिट पद्धतच बंद करा असा ठराव आणला आणि तो पडला. त्या भाषणात त्यांनी ही पद्धत मुळातच अन्यायी, फसवणुकीवर उभी आणि बळजबरीने टिकवलेली आहे असं सरकारी बाकांकडे बघून सांगितलंय. याला अर्ज-विनंती म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. 1901 मधे मुंबई कौन्सिलात जमीन महसूल दुरुस्तीच्या बिलावर फिरोजशहा मेहतांबरोबर सभात्याग करणाऱ्यांमधे गोखलेही होते, तोही मवाळपणातच धरायचा का?

आता नको वाटणारा कॉलम. तो नसेल तर तुम्ही रेकॉर्ड नाही, स्मरणिका लिहिताय. 1897 ला विलायतेत असताना प्लेगच्या बंदोबस्तातल्या सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केल्याचे आरोप त्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांवरून जाहीर केले, परत आल्यावर पुरावा उभा करता आला नाही आणि त्यांनी बिनशर्त माफी मागितली. काही जण याला भित्रेपणा म्हणाले, काही प्रामाणिकपणा. मला वाटतं चूक आधीची होती, न तपासता बोलण्याची, आणि पुढे आकड्याशिवाय तोंड न उघडण्याची सवय बहुतेक तिथूनच पक्की झाली असावी, पण हा माझा अंदाज. दुसरी नोंद जास्त अवघड आहे: 1910 चा प्रेस ॲक्ट. त्याला गोखल्यांनी विरोध केला नाही, काळच तसा आहे म्हणून साथ दिली, आणि मदनमोहन मालवीय मात्र विरोधात उभे राहिले. पुढे त्या कायद्याने किती छापखान्यांचे जामीन घेतले ते बघता ही ओळ लाल शाईने लिहावी लागते.

आजच्या आमदारावर हीच शीट वापरायची तर थोडा फेरफार करा. मतदानावर फार विसंबू नका, एक तर बहुतेक कामकाज आवाजी मतदानाने उरकतं, पोल (म्हणजे मतांची मोजणी) मागितला तरच कोणी काय केलं ते नोंदलं जातं, आणि दुसरं म्हणजे 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप (पक्षाचा आदेश) निघाला की मत पक्षाचं असतं, माणसाचं नसतं. म्हणून तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, अशासकीय विधेयकं हे बघा, ते विधिमंडळाच्या साइटवर चाळता येतं, खासदार असेल तर पीआरएस (संसदेच्या कामाची माहिती गोळा करणारी संस्था) च्या साइटवर हजेरी आणि प्रश्न मिळतात. हजेरीचा टक्का बघून मात्र खूष होऊ नका, सही करून कॅन्टीनला बसता येतं. एकच विषय तो किती वर्षं लावून धरतोय ते मोजा, गोखल्यांच्या मिठासारखं. गोखल्यांचे मूळ खंड इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेले सापडतील.

भाचीच्या प्रोजेक्टला दहापैकी सात मिळाले. टीचर म्हणाल्या, फोटो कमी आहेत.