हिंसक किशोरवयीन नायिका लिहिताना या चुका टाळा

किशोरवयीन वाचकांसाठीच्या कादंबरीत नायिकाच हिंसक असेल, तर लेखकाला दोन भीती छळतात: वाचक तिचा तिरस्कार करतील ही एक, आणि वाचक तिचे अनुकरण करतील ही दुसरी. असे खर्डे मी बरेच वाचले आहेत, आणि त्यांतले बहुतेक या भीतीपोटी केलेल्या सारवासारवीमुळेच बिघडलेले होते.

सर्वांत जास्त आढळणारी सारवासारव म्हणजे भूतकाळ. पहिल्या प्रकरणात मुलगी कुणाला तरी बेदम मारते आणि दुसऱ्यात लगेच तिच्या बालपणीच्या छळाची हकीकत येते, जणू लेखकाने वाचकाच्या हाती तिचे माफीपत्रच ठेवले आहे. छळ सोसलेली बहुसंख्य मुले हिंसक होत नाहीत. त्यामुळे तेवढेच कारण पटत नाही, आणि तसेच दुःख निमूटपणे वाहणाऱ्या वाचकावर तो अन्यायही ठरतो. भूतकाळ गाळण्याची गरज नाही. तो उशिरा, तुकड्यातुकड्यांनी येऊ द्यावा आणि मारण्याच्या क्षणी तिला निघून जाता येत होते, दार उघडे होते, हेही स्पष्ट दिसू द्यावे.

दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते, ती म्हणजे मागमूस न ठेवणारी हिंसा. समजा, १६ वर्षांच्या मुलीने वर्गातल्या मुलाच्या तोंडावर ठोसा मारला. खर्ड्यात तो कोसळतो, ती वळून चालू लागते आणि प्रकरण संपते. प्रत्यक्षात दातावर आपटलेल्या मुठीचे कातडे फाटते, तोंडातले जंतू बोटाच्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतात आणि एकदोन दिवसांत हात इतका सुजतो की पेन धरवत नाही. डॉक्टरांकडे जावे तर खरे सांगावे लागणार, म्हणून ती दारात हात सापडल्याचे सांगते, आणि त्या एका खोटेपणावर पुढची तीन प्रकरणे उभी राहू शकतात. तिकडे तो मुलगा फरशीवर गुडघे टेकून आपला तुटलेला दात शोधतो आहे. दात सापडल्यावर तो रुमालात बांधून ठेवतो, कारण घरी आई विचारेल. एवढे लिहिले की मार खाणारे सगळेच नीच असायला हवेत, ही तिसरी चूक आपोआप टळते. तो मुलगा चांगला असण्याची गरज नाही, त्याला दुखले एवढे पुरे.

कथा कंटाळवाणी किंवा उपदेशी वाटते असे कुणी सांगितले, तर बहुधा दोष निवेदनात असतो. आवेग आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो; अशा वयाची मुलगी स्वतःच्या रागाचे एखाद्या समुपदेशकासारखे विश्लेषण करू लागली की तिच्या तोंडून लेखकच बोलतो. अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन यांच्या १९६२ सालच्या ‘वी हॅव ऑल्वेज लिव्ह्ड इन द कॅसल’ या कादंबरीची १८ वर्षांची निवेदिका पहिल्याच परिच्छेदात घरचे बाकी सगळे मेल्याचे सांगते, तेही आपल्या आवडीनिवडी सांगाव्यात तितक्या सहजपणे. तिथे स्पष्टीकरण नाही, म्हणूनच आपण पुढे वाचतो. (ती मुळात प्रौढांसाठीची कादंबरी असली, तरी हा धडा इथेही लागू पडतो.)

अनुकरणाच्या भीतीवरचा उपाय साधा आहे. कृतीचे टप्पे आणि साधनांचे तपशील कमी करावेत, परिणामांचे वाढवावेत.

शेवटी घाई होते ती निकालाची: एक तर तिला अटक होते, नाहीतर एखाद्याच्या प्रेमाने ती एका प्रकरणात बदलते. दोन्हींपैकी काही घडूच नये असे नाही, पण ते प्रश्न मिटवण्यासाठी घडू नये. वरच्याच उदाहरणात, अखेरच्या पानांवर तो मुलगा मित्राच्या विनोदावर तोंड मिटून हसतो, तिला ते दिसते, आणि तिचा उजवा हात नकळत खिशात जातो. ती शरमली की तिची मूठ पुन्हा वळली, हे लिहायचे राहू द्यावे.