कॅथलिक शाळेत सहावी ते आठवीला शिकवताना: शिस्त आणि पालकांशी बोलणं

अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिस्तीचा प्रश्न वर्गात सुरू होतो आणि बहुतेक वेळा घरी चिघळतो. संध्याकाळी पालकांच्या कानावर आधी मुलाची बाजू पडते. "मला उगाचच वर्गाबाहेर काढलं" हे एकदा मनात बसलं, की दुसऱ्या दिवशी तुम्ही केलेला फोन सारवासारव वाटतो. म्हणून मूल घरी पोचण्याआधी तुमचा निरोप पोचायला हवा. बाकीच्या सगळ्या पद्धती यानंतर.

मात्र पालकांशी पहिली ओळखच तक्रारीने होऊ देऊ नका. सत्राच्या पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येक घरी एक चांगली गोष्ट कळवा. तीस मुलांचा वर्ग असेल तर रोज दोन फोन पुरतात, प्रत्येकी दोन-तीन मिनिटांचे. "मुलगी हुशार आहे" एवढ्याने काही साधत नाही. "आज गणित चुकल्यावर तिने स्वतःहून तसंच दुसरं मागून घेतलं" असं नेमकं सांगा. नवे शिक्षक हेच काम सर्वांत आधी टाळतात, आणि पुढे अडचणीच्या वेळी नेमकं हेच उपयोगी पडतं.

कॅथलिक शाळेत हा केवळ सौजन्याचा भाग नाही. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतला नियम ७९६ सांगतो, की शिक्षकांनी पालकांशी जवळून सहकार्य करावं, त्यांचं म्हणणं आपुलकीने ऐकावं, आणि पालकांच्या संघटना किंवा सभा असाव्यात. शिक्षणाची पहिली जबाबदारी पालकांची, शाळा त्यांना साथ देणारी, ही चर्चची जुनी भूमिका आहे. सभेत बोलताना ती लक्षात असली की आवाज आपोआप बदलतो.

आता प्रत्यक्ष प्रसंग. मधल्या सुट्टीत दोन मुलांची मारामारी झाली असं धरा. आधी कोणाला लागलंय का ते पाहा. मग दोघांना वेगवेगळं बसवा आणि एकमेकांशी बोलण्याआधी प्रत्येकाकडून कागदावर लिहून घ्या: काय झालं, आधी काय झालं होतं, कोणी पाहिलं. पाहणाऱ्यांकडूनही तसंच घ्या. तुमची नोंद त्याच दिवशी करा, कारण दुसऱ्या दिवशी शब्द बदलतात. तारीख, वेळ, जागा, मुलाचे शब्द जसेच्या तसे, तुम्ही काय केलं. "उद्धटपणे वागला" हा तुमचा निष्कर्ष झाला. "वही जमिनीवर फेकली आणि 'मी करणार नाही' म्हणाला" ही नोंद झाली. पालक निष्कर्षावर वाद घालतात, नोंदीवर सहसा नाही.

उशीर, गप्पा, अपुरा गृहपाठ हे वर्गशिक्षकानेच निस्तरावं. मारहाण, धमकी, चोरी, लैंगिक शेरेबाजी, सततचा छळ हे त्याच तासाला मुख्याध्यापकांकडे जावं. मोबाइलवर अश्लील चित्र फिरत असेल तर पुरावा म्हणूनही त्याची प्रत काढू नका, कोणाला पुढे पाठवू नका. फोन बंद करून थेट मुख्याध्यापकांच्या हाती द्या.

घरी फोन करण्याआधी शाळेच्या नोंदीत पाहून घ्या, की कोणाला कळवायचं आहे. आईवडील वेगळे राहत असतील तर इथे हमखास घोटाळा होतो. पहिल्या वाक्यात मूल सुखरूप आहे हे सांगा. शाळेचा नंबर दिसताच पालकांचं काळीज धडधडतं, त्यानंतरचं त्यांना ऐकूच येत नाही. मग घडलेलं तीन-चार वाक्यांत, विशेषणं न लावता. मग "घरी तुम्हाला काही वेगळं जाणवलं का?" असं विचारून थांबा. हे थांबणं अवघड जातं, पण आजारपण, घरातलं भांडण, आधीपासून चाललेला छळ या गोष्टी इथेच कळतात. शेवटी शाळा काय करणार आणि पुन्हा कधी बोलायचं ते ठरवा. दुसऱ्या मुलाचं नाव किंवा त्याला झालेली शिक्षा कितीही विचारलं तरी सांगू नका. पालक संतापले तर "मी तुमचं म्हणणं लिहून घेतोय, उद्या मुख्याध्यापकांसह भेटू" एवढंच पुरे. गंभीर विषय लेखी संदेशात लिहून मोकळं होऊ नका. लिहिलेल्या शब्दांत वाचणारा आपला राग मिसळतो. आधी बोला, मग ठरलेल्या गोष्टी दोन ओळींत लिहून पाठवा.

शिक्षेबद्दल, मुलांच्या शिक्षणाला वाहून घेतलेले इटालियन धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी १८७७ मध्येच स्पष्ट लिहून ठेवलंय: मारणं, कान ओढणं, त्रासदायक स्थितीत गुडघ्यावर बसवणं पूर्ण वर्ज्य, आणि अगदी क्वचित प्रसंग सोडले तर कानउघाडणी सोबत्यांसमोर नको. या वयात वर्गासमोरचा अपमान मूल महिनोन्‌महिने विसरत नाही. मित्रांपुढे मान राखण्यासाठी ते आणखी अडून बसतं.

धर्माच्या बाबतीत दोन चुका फार होतात. एक, प्रार्थना पन्नासदा लिहायला लावणं किंवा चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, शिक्षा म्हणून बसवणं. प्रार्थनेचा कंटाळा आणायचा हा खात्रीचा मार्ग आहे. दुसरी, मुलाला पापनिवेदनाला (धर्मगुरूंपुढे आपली पापं कबूल करायला) धाडणं आणि नंतर फादरांकडे चौकशी करणं. पापनिवेदन स्वेच्छेचंच हवं, आणि तिथे ऐकलेलं धर्मगुरू कोणालाही सांगू शकत नाहीत, मुलाच्या विरोधात वापरूही शकत नाहीत. फादरांनी मुलाशी मोकळेपणी बोलावं असं वाटत असेल तर ती भेट पापनिवेदनापासून वेगळी ठेवायला सांगा. क्षमा मिळाली म्हणून भरपाई टळत नाही, हेही मुलांना शिकवा: फाडलेली वही आणून द्यायची, ज्याचा अपमान केला त्याच्याशी समोर बसून बोलायचं. दोघांचीही तयारी नसताना असं समोरासमोर बसवू नका. दुखावलेल्या मुलावर माफ करण्याची सक्ती होते.

"आधी घरी कळवा" या नियमाला एकच अपवाद आहे. अंगावरचे वळ, घरी जायची भीती, मुलाच्या बोलण्यातून घरातल्या कोणाकडून अत्याचार होत असल्याची शंका. तेव्हा घरी फोन करायचा नाही. मुलाला खोदून विचारायचं नाही, "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. त्याचे शब्द लिहून घ्यायचे आणि त्याच दिवशी बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे जायचं; कायद्याने पुढे कळवणं तुमच्यावर बंधनकारक असेल तर तेही करायचं.