गाडी पिकअप घेत नाही? काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

अ‍ॅक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज वाढला, पण गाडी रेंगाळतेच. ही तक्रार सांगितली की बहुतेक ठिकाणी पहिलं वाक्य ऐकू येतं, "प्लग आणि फिल्टर बदलून बघू." बघायला काहीच हरकत नाही, पण त्या बघण्याचं बिल आपल्या नावावर निघतं. म्हणून आधी एवढंच शोधून काढा: इंजिनात ताकद तयारच होत नाहीये, की तयार झालेली ताकद वाटेत कुठेतरी अडकतेय?

सुरुवातीला एक मोजमाप करून ठेवा. मोकळा, सपाट, सरळ रस्ता, इंजिन गरम, एसी बंद. वेगमर्यादेत बसत असेल तर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० वरून ७० किलोमीटरपर्यंत जायला किती सेकंद लागतात, ते शेजारी बसलेल्याला मोजायला सांगा. दोनदा मोजा आणि लिहून ठेवा. "जरा मंद वाटते" यावरून काहीच ठरवता येत नाही.

पाना हातात घेण्याआधी

पेडलखाली बघा. हसू नका. मी स्वतः आठवडाभर इंधनपंपावर संशय घेत बसलो होतो आणि शेवटी सापडलं काय, तर एकावर एक घातलेल्या दोन मॅटपैकी वरची सरकून पेडलच्या मागे गेली होती. पेडल पाऊणच दाबलं जात होतं. इंजिन बंद ठेवून पेडल तळापर्यंत दाबून बघा. जुनी, केबलवाली गाडी असेल तर एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने बॉनेटखाली थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडतोय का ते बघायचं. केबल सैल पडली असेल तर ती घट्ट करून काम भागतं.

इको मोड चालू राहिलाय का? टायरमधली हवा, गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे आहे का? आणि उंचावरच्या भागात गेला असाल तर टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १,००० मीटरला साधारण १० टक्के घटते. तिथे गाडीचा दोष नाही, हवाच विरळ.

ताकद वाटेत अडकतेय का?

क्लचची परीक्षा सोपी आहे. सपाट रस्त्यावर, वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेगाचा काटा जागचा हलला नाही, तर क्लच घसरतोय. जळका वास आला तर शंकाच नको. पण ही परीक्षा पुन्हा पुन्हा घेऊ नका, उरलासुरला क्लचही जाईल. ऑटोमॅटिकमध्ये असंच लक्षण दिसलं तर गिअरबॉक्सचं ऑइल तपासून घ्या.

मग ब्रेक. काही किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा, गाडी आपोआप मंदावू द्या आणि थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या. हात लावू नका, चटका बसेल. तीन चाकं कोमट आणि एक तापलेलं असेल, तर तिथला कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) नाहीतर हँडब्रेक ब्रेक धरून ठेवतोय. इंजिन बिचारं ब्रेकशीच झुंजत असतं.

इंजिनवर संशय आला की

डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे दामटू नका. मिसिंगमुळे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटतच नाही तेव्हा, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन जळतं आणि तोही निकामी होतो. दिवा नुसता पेटलेला असेल तर स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावून कोड वाचा. कोड पुसण्याआधी लिहून घ्या. कोडमुळे कुठे शोधायचं ते कळतं, कोणता भाग बदलायचा हे मात्र दर वेळी कळत नाही.

मिसिंगचं उदाहरण घ्या. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल सिलिंडरगणिक वेगळी असेल तर इग्निशन बंद करून दुसरी आणि तिसरी कॉइल आपसांत बदला, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलसोबत सरकला, कॉइलच खराब. कोड दुसऱ्यावरच राहिला तर तसेच प्लगही आपसांत बदलून बघा. तरीही दुसऱ्यावरच राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनकडे वळायचं. नवीन भाग न घेता एवढं कळतं.

प्लग इंजिन थंड असतानाच काढा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय. ओलसर, तेलकट असेल तर इंजिनमधलं ऑइल वर येतंय.

एअर फिल्टर उजेडासमोर धरा. प्रकाश दिसतच नसेल तर बदला. त्याच्या पुढच्या पाइपातला हवा मोजणारा सेन्सर मळला असेल तर त्याच्यासाठीच मिळणारा स्प्रे वापरा. ब्रेक क्लीनर नको, कापूस नको, बोट तर अजिबात नको. आतली तार केसाइतकी नाजूक असते.

स्कॅनरवर थेट आकडे दिसत असतील तर फ्युएल ट्रिम नक्की बघा, म्हणजे गाडीचा संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन जास्त (+) किंवा कमी (−) सोडतोय तो आकडा. माझ्या मते सगळ्या तपासात सर्वांत जास्त हाच आकडा बोलतो. निरोगी गाडीत तो शून्याच्या आसपास, फार तर दहाच्या आत असतो. समजा, गाडी उभी असताना तो +१८ आहे आणि २,५०० आरपीएमला +४ वर उतरला, तर कुठल्यातरी फुटक्या व्हॅक्यूम पाइपातून न मोजलेली हवा आत शिरतेय. उलट, उभी असताना ठीक आणि जोर लावला की आकडा चढत जातो, तर इंधन पुरत नाहीये किंवा तो सेन्सर हवा कमी दाखवतोय. सेन्सर साफ करूनही फरक पडला नाही तर इंधनाचा फिल्टर आणि पंपाचा दाब मोजून घ्या. हे काम गॅरेजमध्येच करून घ्या. त्या पाइपात दाबाखाली पेट्रोल असतं.

सगळं ठीक दिसतंय, पण आरपीएम वाढेल तसा इंजिनाचा दम कोंडतोय? मग सायलेन्सरच्या बाजूला बघा. कन्व्हर्टर आतून तुंबला की धूर बाहेर पडत नाही आणि नवी हवा आत येत नाही. व्हॅक्यूम गेज लावून आरपीएम २,५०० वर स्थिर धरला आणि काटा हळूहळू खाली उतरत राहिला, तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. फक्त कन्व्हर्टर बदलून थांबू नका. तो मिसिंगमुळे तुंबला असेल तर नवाही तुंबेल.

डिझेल टर्बो गाडीत क्रम थोडा बदलतो. आधी टर्बोपासून इंजिनपर्यंतचे रबरी पाइप. चीर पडली असेल तर जोर लावताना फुस्स असा आवाज येतो, काळा धूर निघतो आणि जोडाशी तेलाचे डाग दिसतात. पी०२९९ हा कोड टर्बोचा दाब कमी असल्याचा. मग ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), आणि काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ. रोज चार-पाच किलोमीटरच गाडी फिरत असेल तर तो साफ व्हायला लागणारी उष्णता मिळतच नाही. त्याचा दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर वीस-तीस मिनिटं एका वेगाने चालवून बघा. आणि ताकद एकदम गेली, आरपीएम ३,००० च्या वर चढतच नाही, तर गाडी लिंप मोडमध्ये असणार, म्हणजे दोष दिसल्यावर इंजिन वाचवायला तिने स्वतःच ताकद कमी केलेली असते. तेव्हा थेट स्कॅनरच लावा.

दुरुस्ती झाली की तोच रस्ता, तोच गिअर, शेजारी तोच माणूस, एसी बंद. पुन्हा ४० ते ७०. सेकंद आधीइतकेच आले, तर पुढच्या बिलाआधी गॅरेजवाल्याला तो कागद दाखवा.