काम सुटलं, पण रजेचा पगार सोडू नका
बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेकडच्या फाउंड्रीतून किंवा वर्कशॉपमधून काम सुटलं की कामगार शेवटचा पगार घेऊन गप्प घरी येतो. शिल्लक रजेचे पैसे तसेच राहतात. ते मालकाची मेहेरबानी नव्हेत, तुमच्या घामाचे आहेत.

कारखान्यात 20 दिवस कामाला 1 दिवस भरपगारी रजा. काढून टाकलं असो वा तुम्हीच सोडलं असो, न घेतलेल्या रजेचे पैसे मिळतात. वर्ष पुरं भरलेलं नसलं तरी. समजा 200 दिवस भरले, म्हणजे 10 रजा. 4 घेतल्या, 6 उरल्या. रोज 600 रुपये असेल तर 3,600 रुपये. कायद्याने हे काम सुटल्यापासून कामाच्या दोन दिवसांत द्यायचे असतात.

‘सर्व हिशेब मिळाला’ असं कन्नडमध्ये टाइप केलेला कागद पुढे आला, तर जाणत्याकडून वाचून घेतल्याशिवाय सही अजिबात करू नका. इथेच माणूस अडकतो. हजेरी कार्ड, पगारपावत्या, पीएफचा नंबर आधी गोळा करा. मग मालकाला लेखी मागणी द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर बेळगावच्या कामगार खात्याच्या कार्यालयात अर्ज करा. कन्नडमध्ये दिलात तर काम लवकर पुढे सरकतं. उशीर करू नका, दाव्याला मुदत असते.