रविवारची खुशाली: घरचं आणि पडद्यावरचं कसं लिहावं

रविवारी संध्याकाळी सात ते साडेआठ हा वेळ राखून ठेवा. त्यानंतर मिरजेची आत्या झोपते, चिपळूणचा मामेभाऊ सोमवारच्या मालाची यादी करायला बसतो आणि हैदराबादची भाची दुसऱ्या दिवशीच्या डब्यांच्या तयारीला लागते. आमच्या घरच्या ग्रुपवर मी ठाण्याहून दर रविवारी एक लांबलचक मजकूर टाकते. आठवड्यात घरी काय घडलं आणि आम्ही काय पाहिलं, एवढंच त्यात असतं. त्यालाच आम्ही रविवारची खुशाली म्हणतो. भाचीला आता स्वतः असं लिहायचं आहे, तिने रीत विचारली, म्हणून इथे ती मांडते आहे. तुमचीही माणसं चार गावांत पांगलेली असतील तर उपयोगी पडेल.

रविवारच का, ते आधी सांगते. मराठी सिनेमा शुक्रवारी लागतो आणि त्याचं बरंचसं भवितव्य पहिल्या तीन दिवसांत ठरतं. खुर्च्या भरल्या तर शो टिकतात. नाही भरल्या तर सोमवारपासून कमी होतात, आणि पुढच्या शुक्रवारी मोठा हिंदी सिनेमा आला की उरलेला एखादा शो अडनिड्या वेळी ढकलला जातो. 2015 साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं, पण तो प्राइम टाइम शेवटी दुपारी 12 ते रात्री 9 असा धरला गेला. आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी बारा वाजता नोकरदार माणूस थिएटरात कसा जाणार? म्हणून तुमचं मत रविवारी रात्री लोकांच्या हातात पडलं पाहिजे. ते वाचून आत्याने मंगळवारचं तिकीट काढलं तर लिहिल्याचं सार्थक झालं.

आता घरची खबर. ती आधी लिहायची, कारण सगळे तीच शोधत असतात. "सगळे मजेत" असं लिहू नका. त्यातून कुणाला काहीच कळत नाही. "सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आहेत, डॉक्टरांनी टीव्ही कमी बघायला सांगितलाय" असं लिहिलं की आत्या लगेच फोन करते आणि थेंब घालताना मान कशी ठेवायची तेही सांगते. नळाला पाणी नव्हतं तर कुठल्या दिवशी नव्हतं आणि काय केलं ते लिहा. धाकट्याची चाचणी परीक्षा असेल तर विषय लिहा. आजारपण आणि पैशाची अडचण मात्र ग्रुपवर नको. ती ज्याला सांगायची त्याला फोनवर. घरच्या खबरीला सहा-सात ओळी पुरतात.

सिनेमाचं काम शुक्रवारच्या आधीच सुरू होतं. बुधवारी-गुरुवारी तिकिटांच्या ॲपवर नव्या आठवड्याचे शो दिसायला लागतात. आम्ही वर्तकनगरला राहतो. शनिवारी संध्याकाळी कापूरबावडीचा चौक ओलांडून घोडबंदर रोडच्या थिएटरला वेळेत पोचण्याची शाश्वती नसते. ट्रेलर चुकले तर चालतं, पण पहिली दहा मिनिटं चुकली तर त्या सिनेमावर मत देण्याचा हक्क गेला असं मी मानते. म्हणून शनिवार-रविवारचा सकाळचा पहिला शो धरायचा. रस्ता मोकळा मिळतो, तिकीट बहुधा स्वस्त असतं, आणि दुपारचं जेवण घरी होतं. खिडकीवर तिकीट काढलं तर ऑनलाइनचं वेगळं शुल्क वाचतं. चौघांच्या तिकिटांवर ते जाणवतं. 22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी 5 टक्के झाला, त्यावरच्या तिकिटावर 18 टक्केच आहे. तेव्हा खुशालीत तिकिटाचा आकडा लिहाल तो कर आणि शुल्क धरून हातातून गेलेला लिहा. चिपळूणच्या माणसाला ठाण्यात किती पडले याचं कुतूहल असतं, आणि भाचीला हैदराबादशी तुलना करायची असते.

बरोबर कुणाला न्यायचं हाही मत बनवण्याचाच भाग आहे. 2023 च्या जूनअखेर 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा दुपारचे शोसुद्धा भरले, कारण बायका भिशीचे गट, सोसायटीचे गट करून गेल्या. सहा बहिणींची ती गोष्ट अशा भरलेल्या थिएटरात बघणं आणि चार महिन्यांनी घरी फोनवर बघणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कुठे, कधी आणि कुणाबरोबर पाहिलं ते म्हणून लिहायचं. वाचणारा तेवढं वजा-अधिक करून घेतो.

सिनेमा संपल्यावर लगेच फोनवर तीन-चार ओळी टिपून ठेवा. रिक्षात बसल्या बसल्या करा, घरी पोचेपर्यंत थांबू नका. एखादा प्रसंग, एखादा चेहरा, जिथे लक्ष उडालं ती जागा, एवढंच. आणि स्वतःच्या ओळी टिपल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं परीक्षण वाचू नका, हे मी फार कळकळीने सांगते. एकदा दुसऱ्याचे शब्द डोक्यात शिरले की आपल्याला नेमकं काय वाटलं होतं ते परत सापडत नाही.

मग मजकूर. आत्याचा एक ठरलेला प्रश्न असतो: "अगं, बघू की नको तेवढं सांग की!" या प्रश्नाला उत्तर मिळालं पाहिजे, पण एका शब्दात नाही. कारण आत्याने बघावा तो सिनेमा मामेभावाने बघावाच असं नसतं. म्हणून कुणी बघावा ते नाव घेऊन लिहा. "आत्या, तू जा. गुडघा दुखत असेल तर मधली खुर्ची घेऊ नकोस, मध्यंतराला उठता येत नाही." "दादा, तुला पहिला अर्धा तास संथ वाटेल, थांब." मुलं बरोबर असतील तर सिनेमाचं सेन्सॉर प्रमाणपत्र लिहा. पूर्वी नुसतं यूए असायचं, म्हणजे लहान मुलांनी आईबापांच्या देखरेखीखाली बघावा असा. 2024 च्या अखेरीपासून त्याचे वयाप्रमाणे यूए 7+, यूए 13+ आणि यूए 16+ असे तीन प्रकार झालेत. आईबापांच्या खूप कामाची माहिती आहे ही, आणि बरेच जण ती बघतच नाहीत.

उदाहरण देते. सप्टेंबर 2025 मध्ये एका आठवड्याच्या अंतराने दोन मराठी सिनेमे आले. 12 तारखेला 'दशावतार', 19 तारखेला 'साबर बोंडं'. पहिल्यात ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर कोकणातला दशावतारी कलावंत झालेत, नजर अधू होत चाललेला बाबुली मेस्त्री. दुसरा दिग्दर्शक रोहन कानवडेंचा. त्याला त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथाचित्रांच्या स्पर्धेतला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला होता. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो, तिथे त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो आणि दोघांमध्ये प्रेम फुलतं. या दोन सिनेमांना एकाच मापाने मोजणं अन्याय आहे. 'दशावतार'बद्दल लिहिताना मोठा पडदा, जंगल, रंगवलेले चेहरे, प्रभावळकरांची देहबोली यांवर लिहावं, आणि उत्तरार्धात सिनेमाची चाल बदलते एवढंच सांगून थांबावं. कशी बदलते ते सांगितलं तर बघणाऱ्याचं अर्धं सुख गेलं. 'साबर बोंडं'बद्दल आधीच स्पष्ट सांगायचं की कॅमेरा एका जागी बराच वेळ थांबतो, माणसं कमी बोलतात, आणि लग्नाचं विचारणारे नातेवाईक आपल्या ओळखीचे आहेत. हे माहीत असलं की माणूस त्या शांततेसाठी तयार होऊन जातो. मोठ्या पुरस्काराचं एवढं कौतुक लिहिलं आणि संथपणाचं लिहिलंच नाही, तर वाचणारा मध्यंतराला उठून येतो आणि पुढच्या वेळी असा सिनेमा टाळतो. आणि दोन पुरुषांमधलं प्रेम आहे हे कुजबुजल्यासारखं लिहू नका. दोन माणसांच्या प्रेमाची गोष्ट जशी सांगाल तशीच सांगा. आत्या सगळं समजते.

ठाणेकरांसाठी एक खास गोष्ट. आपल्या गावावरचा सिनेमा आला की मत देणं अवघड होतं. 13 मे 2022 ला शिवसेनेचे ठाण्यातले नेते आनंद दिघे यांच्यावरचा 'धर्मवीर' आला तेव्हा टेंभी नाक्यावरून रोज जाणाऱ्या प्रत्येकाकडे दिघेंची एकेक आठवण होती, आणि पुढच्याच महिन्यात राज्याचं राजकारण उलटंपालटं झालं. घरच्या ग्रुपवरही दोन बाजू असतात. अशा वेळी दिघे झालेल्या प्रसाद ओकचं काम वेगळं लिहा, दिग्दर्शन वेगळं लिहा, आणि त्या माणसाबद्दल नि पक्षाबद्दलचं मत खुशालीच्या बाहेर ठेवा. नटाने चालण्या-बसण्याची ढब किती पकडली हे सांगता येतं आणि त्यावर भांडण होत नाही. झालंच तर ते चांगलं भांडण असतं.

मालिकांचं गणित निराळं. सिनेमा दोन-अडीच तासांत संपतो, मालिका पाच-पाच वर्षं घरात राहते. 'आई कुठे काय करते' 2019 च्या डिसेंबरात सुरू झाली आणि 2024 च्या नोव्हेंबरात संपली. त्यात आमच्या सोसायटीतल्या मुली शाळेतून कॉलेजात गेल्या. रोजच्या भागावर रोज लिहू नका, कुणी वाचत नाही. आठवड्यातून एकच प्रश्न घ्या: या आठवड्यात गोष्ट पुढे सरकली का? सरकली असेल तर काय बदललं ते दोन ओळींत लिहा, म्हणजे ज्याचे भाग चुकले तो पुन्हा धरू शकेल. भाग कुठे मिळतील तेही लिहा: स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी फाइव्हवर. वेळ बदलली असेल तर ती आवर्जून. मिरजेला आत्या घड्याळ बघून टीव्ही लावते, मोबाइलवर शोधत बसत नाही.

मालिका जोखण्याची एक युक्ती सासूबाईंच्या डोळ्यामुळे हाती लागली. त्या हल्ली मालिका ऐकतात. डोळे मिटून आरामखुर्चीत बसायचं, आवाज चालू. आणि त्यांचं काहीही चुकत नाही, कारण पात्रं एकमेकांना नावाने हाक मारून आधी झालेलं सगळं परत सांगतात. हे लेखकांनी विचार करूनच केलेलं आहे. संध्याकाळी साडेसात-आठला बाई कणीक मळत असते, पाठ टीव्हीकडे असते, कुकरची शिट्टी होते, तरी गोष्ट पोचली पाहिजे. म्हणून "किती तेच तेच बोलतात" असं लिहिण्याआधी आपण ती कशी बघतो याचा विचार करा. उलट एखाद्या आठवड्यात सासूबाई मध्येच विचारतात, "आत्ता काय झालं गं? कुणी बोलेना!" तेव्हा उठून बघावं. नटीने नुसत्या चेहऱ्याने प्रसंग तोललेला असतो. त्या नटीचं नाव खुशालीत यायलाच हवं. रोज बारा-बारा तास सेटवर काढून असा एखादा प्रसंग कुणी करून जातं, आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल कुणीच बोलत नाही.

टीआरपीचं काय करायचं? टीव्हीचा प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात, देशभरातल्या 50 हजारांहून अधिक घरांत बसवलेल्या मीटरवरून ते काढले जातात. मालिका चालू राहणार की गुंडाळणार, वेळ बदलणार का, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. मत बनवायला त्याचा काही उपयोग नाही. पहिल्या क्रमांकाची मालिका तुम्हाला रटाळ वाटली तर तसं लिहा, कारण देऊन लिहा.

रिॲलिटी शोबद्दल मी थोडकंच लिहिते. कोण बाहेर गेलं ते सगळ्यांना आधीच कळलेलं असतं. वेब सिरीजबद्दल मात्र भागांची संख्या, एका भागाची लांबी आणि घरात मोठ्याने लावता येईल का, या तीन गोष्टी न चुकता.

मजकूर टाकल्यावर पहिला तास उत्तरं वाचायला ठेवा. कुणी "मला नाही आवडला" म्हटलं तर कुठल्या जागी नाही आवडला ते विचारा. बहुतेकदा ती जागा तुमच्याही टिपणात असते. मामेभाऊ दुसऱ्या दिवशी जाऊन आला तर त्याचं मत तुमच्या मताच्या खालीच येऊ दे, नवा विषय काढू नका, म्हणजे मागाहून वाचणाऱ्याला दोन्ही एकत्र मिळतात. शेवटची ओळ नेहमी पुढच्या शुक्रवारची: कुठला मराठी सिनेमा येतोय, ठाण्यात कुठे लागण्याची शक्यता आहे, आणि कोण कोण येणार. ज्यांनी हो म्हटलं त्यांची नावं त्याच रात्री लिहून ठेवा, आणि गुरुवारी शो दिसले की तिकिटं काढा.