अ‍ॅलेक गिनेस बघायचा तर आधी आवाज बंद करा

सांगलीत माझा शनिवार-रविवारचा नाट्यवर्ग आहे. नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी मी कुणालाच उतारा वाचायला देत नाही. लॅपटॉप उघडते, आवाज पूर्ण बंद करते आणि १९४९ सालचा ‘काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स’ हा इंग्रजी चित्रपट लावते. यात एका खानदानी घराण्यातली आठ माणसं अ‍ॅलेक गिनेस या एकट्या इंग्रज नटाने केली आहेत. ड्यूक, बँकर, पाद्री, जनरल, अ‍ॅडमिरल, दोन तरुण आणि लेडी अगाथा नावाची एक बाई. त्याला आधी चारच भूमिका देऊ केल्या होत्या. संहिता वाचल्यावर त्याने आठही मागून घेतल्या. चित्रपट आला तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता.

माझ्या मुलांना मी जे करायला लावते तेच इथे लिहिते. घरी एकट्याने करता येईल असंच आहे. एक वही मात्र हवी.

आवाज बंद ठेवूनच या आठ जणांना ओळखायचा प्रयत्न करा. मिशा, टोपी, झगा यांकडे लक्ष देऊ नका, ते रंगभूषाकाराचं आणि शिंप्याचं काम. मान किती पुढे आहे? खांदे चढलेत की सुटलेत? बऱ्याचदा पाय चौकटीत नसतात. तेव्हा खांदे बघा, पाऊल कसं पडतंय ते खांद्यांवरून कळतं. प्रत्येकासाठी वहीत एकच ओळ लिहा आणि तीही क्रियापदाची. ‘गर्विष्ठ आहे’ असं लिहू नका, ‘हनुवटी वर ठेवून बघतो’ असं लिहा. गर्विष्ठपणा करून दाखवता येत नाही, हनुवटी वर उचलता येते.

चर्चमधला एक प्रसंग आहे, तिथे सहा गिनेस एकाच चौकटीत बसलेले दिसतात. संगणक नव्हता. कॅमेरा जागेवर घट्ट बांधून, भिंगाचा थोडा थोडा भाग झाकत, तीच फिल्म पुन्हा पुन्हा फिरवून ते केलं. रात्रीत कॅमेऱ्याला कुणाचा धक्का लागू नये म्हणून छायाचित्रकार डग्लस स्लोकोम्ब स्टुडिओतच झोपला होता. तिथे व्हिडिओ थांबवा आणि सहा जणांच्या माना एकापाठोपाठ एक बघा. माझा अर्धा तास या एका चौकटीवर जातो.

एवढा भर चालीवर आणि मानेवर का, तेही सांगते. तेवीस वर्षांची असताना एका हौशी स्पर्धेत मी सत्तरीची आजी केली होती. केसांना पांढरा रंग, चेहऱ्यावर सुरकुत्या, हातात काठी, सगळं होतं. प्रयोगानंतर एक परीक्षक म्हणाले, ‘म्हातारपण डोक्यावर होतं, गुडघ्यात नव्हतं.’ फार लागलं मनाला. पुढे गिनेसबद्दल वाचताना कळलं, की त्याला माणसाची चाल सापडेपर्यंत चैन पडत नसे. त्या दिवसापासून हा माझा गुरू.

आता दुसरा धडा, ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’, १९५७. याच कामासाठी त्याला ऑस्कर मिळालं. कर्नल निकोल्सन जपान्यांच्या कैदेत आहे. अधिकाऱ्यांनी अंगमेहनत करायची नाही या हट्टापायी त्याला पत्र्याच्या खोपटात, उन्हाच्या भट्टीत डांबलेलं असतं. तिथून बाहेर काढल्यावर तो छावणीप्रमुखाच्या झोपडीपर्यंत चालत जातो. तेवढंच बघा, पण तीनदा. पहिल्यांदा सगळा प्रसंग. दुसऱ्यांदा फक्त गुडघे. तिसऱ्यांदा व्हिडिओ थांबवा, उठा आणि घरातल्या घरात तशी दहा पावलं टाका.

इथे हटकून एक चूक होते. मुलं लडखडतात. नीट पाहिलंत तर गिनेस लडखडायचा अभिनय करत नाही, न लडखडण्याची धडपड करतो. पाय ऐकत नाहीत, पण बघणाऱ्यांसमोर पाठ ताठ राहिली पाहिजे, अशी ती चाल आहे. दारुड्याचं काम करणाऱ्यालाही मी हेच सांगते: सरळ चालायचा प्रयत्न कर.

ही चाल त्याला घरात सापडली. मुलगा मॅथ्यू लहानपणी पोलिओने आजारी पडला होता. त्यातून उठल्यावर तो जसा चालायचा, ते बापाच्या डोळ्यांत राहिलं होतं. म्हणून पुढच्या शनिवारी मी गृहपाठ देते. घरातलं एक माणूस निवडा, आठवडाभर त्याचं उठणं-बसणं बघा. ज्याचं दुखणं बघताय त्याला सांगून बघा, आणि वर्गात करून दाखवताना त्याचं हसू होऊ देऊ नका. यात मी तडजोड करत नाही.

आयुष्य थोडक्यात सांगते. जन्म २ एप्रिल १९१४, लंडन. जन्मदाखल्यावर बापाच्या नावाची जागा कोरी. सुरुवातीची नोकरी जाहिरातींचा मजकूर लिहिण्याची. १९३८मध्ये लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहाच्या रंगमंचावर आधुनिक कपड्यांतला हॅम्लेट. युद्धात नौदलात गेला आणि १९४३च्या सिसिलीच्या स्वारीत सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटीचा प्रमुख होता. निकोल्सनची ताठ पाठ त्याने तिथे रोज पाहिली असणार, असं मला वाटतं. १९५९ साली ‘सर’ झाला, ५ ऑगस्ट २००० रोजी गेला. ‘स्टार वॉर्स’मुळे जगभर ओळख झाली, पैसाही मिळाला, पण शिकणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये. तिथे त्याला करायला फार कमी आहे.

तिसरा धडा दूरचित्रवाणीवरचा. बीबीसीची १९७९ची मालिका ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’, सात भाग. निवृत्त हेर जॉर्ज स्मायली. आता आवाज सुरू करा, कारण इथे ऐकणं शिकायचंय. बेरिल रीडने केलेली कॉनी सॅक्स, स्मायलीची हेरखात्यातली जुनी सहकारी, आठवणी सांगत सुटते, तो प्रसंग लावा. दुसऱ्या खेपेला तिच्याकडे बघायचंच नाही. ती बोलत असताना गिनेसच्या चेहऱ्यावर काय होतं, तेवढंच टिपा. वही जवळजवळ कोरी राहील. मुलं वैतागतात, म्हणतात, ‘ताई, हा काहीच करत नाही.’ मग मी विचारते, तो आत्ता तिच्यावर विश्वास ठेवतोय का? सगळ्यांना उत्तर माहीत असतं! कुठून कळलं ते सांगता येत नाही. तिथे तो भाग पुन्हा लावायचा.

या भूमिकेआधी मूळ कादंबरीचा लेखक जॉन ल कॅरेने त्याची ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफिल्ड यांच्याशी जेवणाच्या टेबलावर गाठ घालून दिली होती. गिनेस बघत बसला. तुम्हाला वकील करायचा असेल तर कोर्टाच्या आवारात जाऊन बसा, कंडक्टर करायचा असेल तर एसटीने मिरजेला जाऊन या.

आता चौथा धडा, आपल्या घरचा. दिग्दर्शक डेव्हिड लीनच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ (१९८४) चित्रपटात गिनेस प्रोफेसर नारायण गोडबोले झाला आहे. मूळ कादंबरी ई. एम. फॉर्स्टरची, १९२४ची. त्यातला गोडबोले दख्खनी ब्राह्मण, गोरापान, करड्या-निळ्या डोळ्यांचा. घारे गोडबोले आपण सगळ्यांनी पाहिलेत. फॉर्स्टर १९२१मध्ये देवासच्या मराठा महाराजांचा खासगी सचिव होता, ही माणसं त्याने जवळून पाहिली होती.

मुलांना मी स्पष्ट सांगते की हे काम भारतीय नटाला मिळायला हवं होतं. त्याच चित्रपटात व्हिक्टर बॅनर्जी अझीझ करत होते, म्हणजे नट नव्हते असं नाही. तरीही बघा, आणि वहीत दोन रकाने करा. त्याला काय सापडलं आणि काय निसटलं. डोळ्यांतला अलिप्तपणा त्याला सापडलाय. शरीर मात्र परकं राहतं. जन्मभर मांडी घालून जेवलेल्या माणसाची कंबर वेगळी असते, ती रंग लावून येत नाही.

गोडबोल्याचा नाच गिनेसने या चित्रपटासाठी शिकून केला होता. अंतिम चित्रपटात तो ठेवला नाही. कादंबरीत गोकुळाष्टमीच्या उत्सवात गोडबोले झांजा वाजवत ‘तुकाराम, तुकाराम’ म्हणतो, देहभान विसरतो, आणि त्यातच त्याचा चष्मा गळ्यातल्या जाईच्या हारात अडकतो.

शेवटचा रविवार त्या चष्म्यासाठी. गळ्यात हार, नाकावर चष्मा, हातात झांजा. नाम घेत नाचायचं. चष्मा हारात अडकला की तो सोडवायचा, पण ठेका चुकवायचा नाही आणि देवही सोडायचा नाही. चष्मा सोडवायला एक हात लागतो, तेव्हा दुसऱ्याने काय करायचं ते आपापलं शोधा. घाई केलीत तर हार तुटतो, म्हणून फुलं जास्त आणून ठेवा.

गेल्या वर्षी एका मुलाने ठेका पायात घेतला. त्याचे आजोबा वारीला जातात. त्याने झांजा खाली सोडल्या, त्या दोरीला लोंबकळत राहिल्या, आणि टाचांनी ताल धरून त्याने दोन्ही हातांनी सावकाश एक एक फूल सोडवलं. चष्मा मोकळा झाला तरी त्याने तो घातला नाही. तसाच मुठीत धरून नाचत राहिला.